पोलिसांच्या संपाचा इतिहास कसा लिहावा : बॉस्टन 1919 हे उदाहरण घेऊन

पोलिसांच्या संपावर निबंध किंवा लघुप्रबंध लिहायला घेणारा विद्यार्थी बहुधा पहिल्याच पानावर दंगलीपाशी पोहोचतो. फुटलेल्या काचा, लुटलेली दुकाने आणि रस्त्यावर उतरलेले लष्कर या गोष्टी वाचकाला लगेच पकडतात हे खरे आहे. पण त्या संपाचे कारण नव्हेत आणि पुष्कळदा त्याचा खरा परिणामही नव्हेत. नागपुरात माझ्याकडे असे निबंध तपासायला येतात, तेव्हा मला तीच तीच दुरुस्ती सुचवावी लागते. ती एकदा सविस्तर लिहून ठेवावी, या हेतूने हे टिपण केले आहे. उदाहरणासाठी अमेरिकेतील बॉस्टन शहराचा सप्टेंबर 1919 मधील संप घेतला आहे, कारण त्याची कागदपत्रे, आकडे आणि तारखा भरपूर उपलब्ध आहेत; मुंबईच्या 1982 च्या संपाकडे वळण्यापूर्वी हात बसवून घेण्यासाठी तो उत्तम आहे.

सुरुवात नावापासून करावी. एकाच घटनेला सरकारी कागद ‘बंड’ म्हणतो, संघटनेचे पत्रक ‘संप’ म्हणते आणि वर्तमानपत्र ‘कामबंद’ म्हणते. 1973 मध्ये उत्तर प्रदेशात प्रांतीय सशस्त्र दलाचे जवान उठले, तेव्हा लष्कर बोलवावे लागले आणि अखेरीस कमलापती त्रिपाठी यांचे मंत्रिमंडळ गेले. त्या घटनेला ‘बंड’ हाच शब्द रूढ झाला. बॉस्टनमध्ये मात्र पोलिसांनी रीतसर मतदान करून, ठरलेल्या वेळी, संध्याकाळच्या हजेरीला काम सोडले. त्याला बंड म्हणणे हा आधीच दिलेला निकाल ठरेल. कोणता शब्द का निवडला, हे दोन वाक्यांत सांगून टाकावे आणि मग तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.

त्यानंतर, आकड्यांना हात लावण्याआधी, पोलिसांचा पगार कोण देतो आणि त्यांच्यावर हुकूम कोण चालवतो, हे शोधावे. नागपूरच्या वाचकाला हा प्रश्न सुचणे अवघड जाते, कारण आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. पोलीस आयुक्त गृहखात्याला उत्तरदायी असतो, पगारही राज्य शासनच देते आणि महापालिकेचा त्यात काही संबंध येत नाही. बॉस्टनमध्ये ही दोन सूत्रे दोन वेगळ्या हातांत होती. पोलीस आयुक्ताची नेमणूक मॅसेच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर करीत असे, भरती, शिस्त आणि कामकाज आयुक्ताकडे असे, परंतु पगार, इमारती आणि इतर खर्च शहराच्या तिजोरीतून, म्हणजे महापौराच्या अखत्यारीतून होत असे. म्हणून गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या शिपायाला एक म्हणे की पैसा माझ्या हातात नाही, आणि दुसरा म्हणे की शिस्त माझ्या हातात नाही. आयुक्त एडविन कर्टिस, महापौर अँड्र्यू पीटर्स आणि गव्हर्नर कॅल्विन कूलिज ही तीन नावे निबंधात येतात, तेव्हा ती केवळ पात्रे म्हणून न आणता त्यांच्यातील अधिकारांची ही फाळणी आधी मांडावी. नाहीतर संपाच्या आठवड्यातील निम्म्या हालचालींचा अर्थच लागत नाही.

आता पगार. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात : डॉलरचे रुपये करून बसतात. 1919 चा डॉलर आजच्या भावाने मांडून काहीही कळत नाही. तुलना दोनच गोष्टींशी करावी, त्याच शहरातील महागाईशी आणि त्याच शहरातील इतर कामगारांच्या मजुरीशी. बॉस्टनच्या नव्या शिपायाला पहिल्या वर्षी 730 डॉलर मिळत आणि 1,400 डॉलरपर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागत. त्यातून गणवेश आणि साहित्य स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागे, आणि तो खर्च 200 डॉलरच्या वर जाई. म्हणजे पहिल्या वर्षाच्या पगाराचा चौथा हिस्सा अंगावरच्या कपड्यांतच जाई. 1913 ते मे 1919 या काळात राहणीचा खर्च 76 टक्क्यांनी वाढला, पोलिसांचे वेतन मात्र 18 टक्क्यांनी वाढले. सुताराची कमाई त्यांच्या जवळपास दुप्पट होती आणि ट्रामचा कंडक्टरही दिवसाला त्यांच्यापेक्षा 50 सेंट जास्त मिळवत होता. महागाई आणि वेतन यांच्यातील ही दरी, आणि रोज शेजारून जाणारी ट्राम, या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या म्हणजे राग कोठून आला ते वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

वेतनाबरोबर कामाची परिस्थिती पाहावी, आणि ती विशेषणांनी न सांगता मोजमापाने सांगावी. ‘अत्यंत हलाखीची परिस्थिती’ असे लिहिण्यापेक्षा कोर्ट स्ट्रीट येथील ठाण्यात 135 माणसांसाठी चार शौचालये आणि आंघोळीचे एकच टब होते, एवढे लिहिले की पुरे. दहा तासांची पाळी संपल्यावर, गरज पडेल म्हणून, ठाण्यातच विनामोबदला झोपावे लागे. थकीत कराची बिले पोहोचवणे, खानावळी-वसतिगृहांची पाहणी करणे, शिरगणती करणे, मतदान केंद्रावर उभे राहणे आणि वरिष्ठांची घरगुती कामे करणे हेही त्यांच्याच माथी असे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात राहणाऱ्या माणसाला यातील बरेच काही समजावून सांगावे लागू नये. राज्यभरातून बंदोबस्तासाठी आलेले शिपाई डिसेंबरच्या थंडीत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर किंवा टेकडी रोडवर मोर्चा अडवून उभे असतात, तेव्हा त्यांच्या पाळीचे तास मोजणारा मनुष्य त्या मोर्चात सहसा नसतो.

परंतु येथेच थांबलात तर निबंध अर्धवट राहील, आणि या टिपणातील मुख्य मुद्दा तोच आहे. कमी पगारामुळे राग साठतो. संप मात्र बहुतेक वेळा संघटनेच्या मान्यतेच्या प्रश्नावर होतो. म्हणून कारणे लिहिताना ‘रागाची कारणे’ आणि ‘काम सोडण्याचे कारण’ असे दोन वेगळे भाग करावेत. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे : घटनाक्रम उलटा, म्हणजे संपाच्या दिवसापासून मागे लिहीत जावे.

बॉस्टनचा संप 9 सप्टेंबर 1919 रोजी झाला. त्याच्या आदल्या दिवशी, 8 सप्टेंबरला, पोलिसांनी 1,134 विरुद्ध 2 मतांनी संपाचा निर्णय घेतला. तो का घेतला? त्याच दिवशी कर्टिस यांनी संघटनेच्या 19 जणांना निलंबित केले होते म्हणून. त्यांचा गुन्हा कोणता? त्यांनी अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाशी संलग्न अशी संघटना उभी केली, हा. त्या संलग्नतेची महासंघाची सनद त्यांना ऑगस्टच्या मध्यावर मिळाली होती आणि त्याच्या काही दिवस आधी, 11 ऑगस्टला, कर्टिस यांनी खात्याबाहेरील कोणत्याही संस्थेशी संबंध ठेवण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. आणखी मागे गेलात की दिसते, की पोलिसांची जुनी ‘बॉस्टन सोशल क्लब’ ही संस्था खात्याच्या संमतीनेच 1906 पासून चालत होती आणि गाऱ्हाणी मांडून मांडून थकली होती. या उलट्या वाटेवर चालताना पगार हा शब्द शेवटच्या चार टप्प्यांत कोठेच येत नाही. तो त्याच्याही मागे, तळाशी आहे.

याच वाटेवर एक जागा अशी येते की जिथे जरा थांबून लिहावे. महापौर पीटर्स यांनी जेम्स स्टॉरो यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची एक समिती नेमली होती. तिने तोडगा सुचवला की पोलिसांची संघटना राहावी, पण तिने कामगार महासंघाशी नाते तोडावे आणि संपाचा हक्क सोडावा. शहरातील पाचपैकी चार वर्तमानपत्रांनी त्याला पाठिंबा दिला. कर्टिस यांनी कूलिज यांच्या पाठबळावर तो फेटाळला. माझ्या मते बॉस्टनच्या संपाविषयी एकच परिच्छेद लिहायची परवानगी असेल तर तो या तोडग्यावर लिहावा. संप टाळता येत होता की नाही, या प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्याऐवजी येथे कागदावर देता येते.

दंगलीचा भाग मी मुद्दाम लहान ठेवायला सांगतो. 1,544 पैकी 1,117 पोलीस बाहेर पडले. त्या रात्री दगडफेक झाली, दुकाने लुटली गेली, बॉस्टन कॉमन या मैदानावर उघड जुगार चालला. येथे विचारायचा प्रश्न ‘पोलीस गेल्यावर काय झाले’ एवढाच नसून ‘पोलीस जाणार हे ठाऊक असताना पर्यायी बंदोबस्त का नव्हता’ हा आहे. व्यवस्था आपल्या हाती आहे असे आयुक्तांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी महापौरांनी शहरातील स्टेट गार्डच्या, म्हणजे राज्याच्या सैनिकी दलाच्या, तुकड्या बोलावल्या, आणि तिसऱ्या दिवशी गव्हर्नरांनी आणखी तुकड्या मागवून सूत्रे स्वतःकडे घेतली. एकूण नऊ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील काही गार्डच्या गोळीबारात. अधिकारांच्या फाळणीचे जे टिपण तुम्ही सुरुवातीला करून ठेवले, ते येथे उपयोगी पडते.

परिणाम लिहिताना ‘संप फसला’ किंवा ‘संप यशस्वी झाला’ असे एक वाक्य लिहून मोकळे होऊ नये. परिणाम कोणासाठी, हे विचारून प्रत्येकाचा वेगळा हिशेब मांडावा. काम सोडणाऱ्यांचा हिशेब सर्वांत छोटा आहे : त्यांतील कोणालाही परत घेतले नाही. महासंघाचे नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांनी तडजोडीची विनंती केली, तेव्हा कूलिज यांनी 14 सप्टेंबरला तारेने उत्तर दिले की सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा अधिकार कोणालाही, कोठेही, केव्हाही नाही. काम सोडणाऱ्यांच्या जागी 1,500 हून अधिक नवी माणसे भरली गेली, त्यांत महायुद्धातून परतलेल्यांचा भरणा होता. आता नव्यांचा हिशेब पाहा : त्यांना 1,400 डॉलरवर सुरुवात, अधिक सुट्या, फुकट गणवेश आणि निवृत्तिवेतन मिळाले. ज्या मागण्यांसाठी जुन्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले होते, त्या त्यांच्या जागी आलेल्यांना पहिल्याच दिवशी मिळाल्या. मिळाली नाही ती फक्त संघटना. बॉस्टनच्या शिपायांना स्वतःची संघटना मिळायला 1965 साल उजाडावे लागले. कूलिज यांचा हिशेब वेगळाच आहे. त्या तारेमुळे ते देशभर गाजले, 1920 मध्ये उपाध्यक्षपदी निवडून आले आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनानंतर 1923 मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. तिकडे कामगार महासंघाने त्यानंतर दीर्घकाळ पोलिसांच्या संघटनांपासून हात आखडता घेतला.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, म्हणून आणखी दोन-तीन संप शेजारी ठेवून पाहावेत. लंडनच्या पोलिसांनी 30 ऑगस्ट 1918 रोजी काम सोडले. निमित्त होते थील नावाच्या शिपायाला संघटनेच्या कामासाठी बडतर्फ केल्याचे. युद्ध चालू होते, म्हणून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी पगारवाढ दिली, थील यांना परत घेतले, पण संघटनेच्या मान्यतेचा प्रश्न टोलवला. पुढच्या वर्षी पोलिसांच्या वेतनाचा विचार करणाऱ्या डेस्बरो समितीच्या शिफारशींमुळे वेतन चांगलेच वाढले आणि त्याच वर्षीच्या पोलीस कायद्याने संघटना बेकायदा ठरवून तिच्या जागी सरकारने आखून दिलेले पोलीस फेडरेशन उभे केले. त्या वेळी लिव्हरपूल आणि इतर ठिकाणी जे संपावर गेले, त्यांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. नमुना तोच दिसतो : पैसा मिळाला, मान्यता मिळाली नाही. मेलबर्नचा 31 ऑक्टोबर 1923 चा संप मात्र या चौकटीत नीट बसत नाही, आणि तो लपवू नये. तेथे ठिणगी पडली ती शिपायांवर पाळत ठेवण्यासाठी नेमलेल्या साध्या वेशातील पर्यवेक्षकांमुळे. शिपाई त्यांना ‘भुते’ म्हणत. 636 जणांनी नोकरी गमावली, आणि संपानंतर लवकरच दलाला निवृत्तिवेतन लागू झाले. म्हणजे कारण वेगळे, पण परिणाम बॉस्टनसारखाच.

यानंतर भारतीय संपाकडे वळणाऱ्याने आधी कायदा वाचावा, वर्तमानपत्र नंतर. पहिला कायदा 1922 चा आहे, पोलिसांमध्ये अप्रीती पसरवण्याविरुद्धचा. असहकाराचा कार्यक्रम काँग्रेसने डिसेंबर 1920 मध्ये याच आपल्या नागपूरच्या अधिवेशनात पक्का केला होता आणि त्या लाटेत सरकारी नोकरांना नोकऱ्या सोडण्याची आवाहने होऊ लागली होती. ही पार्श्वभूमी निबंधात नागपूरकराने तरी विसरू नये. या कायद्यातील एक कलम मात्र फार थोडे लोक वाचतात : सरकारने मान्य केलेल्या संघटनेने पोलिसांच्या हितासाठी सद्हेतूने केलेल्या कामाला ते शिक्षेतून वगळते. दुसरी गोष्ट म्हणजे राज्यघटनेचे कलम 33. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार ते संसदेला देते. त्या आधारावर झालेला 1966 चा कायदा पोलिसांना परवानगीशिवाय कामगार संघटनेचे सभासद होण्यास मनाई करतो, आणि मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड सांगतो. दिल्लीच्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये फेटाळले. घटनेतील कलम 311 चे दुसरे परंतुकही पाहून ठेवावे. चौकशीशिवाय बडतर्फी कोणत्या परिस्थितीत करता येते ते त्यात आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने त्याची व्याप्ती सांगितली आहे. 1922 आणि 1966 च्या दोन्ही कायद्यांत ‘मान्यता’ किंवा ‘परवानगी’ हा शब्द बिजागरीसारखा बसलेला आहे, हे ध्यानात आले म्हणजे मुंबईची घटना वाचायला तुम्ही तयार झालात.

1979 मध्ये पंजाबपासून सुरू होऊन अनेक राज्यांत पसरलेल्या पोलीस आंदोलनानंतर संघटनांना मान्यता देण्याचा मार्ग मोकळा झाला होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगानेही त्याच वर्षीच्या पहिल्या अहवालात शिपायांच्या स्थितीचा विचार केला होता. मुंबईत 15 ऑगस्ट 1982 रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदवला, सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, 18 ऑगस्टच्या पहाटे तिच्या नेत्यांना अटक झाली आणि शहर पेटले. सैन्य बोलवावे लागले. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप 18 जानेवारीपासून, म्हणजे बरोबर सात महिने चालू होता, आणि गिरणगावातील बेकार हातही त्या दिवशी रस्त्यावर आले. येथेही उलट क्रमाने मागे जा : अटक, मान्यता रद्द, काळ्या फिती, मग वेतन आणि कामाचे तास. बॉस्टनच्या अभ्यासाने हात बसलेला असला, तर हा क्रम आपोआप सापडतो. परिणामांच्या हिशेबात एक नोंद बरीच पुढची घ्यावी : आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये सुरू झाला, तो संपातून नव्हे, तर खात्यातूनच पुढे आलेल्या एका प्रस्तावातून.

शेवटचे काम तोंडी माहितीचे. नागपुरात निवृत्त पोलीस कर्मचारी प्रत्येक वस्तीत भेटतात, आणि नीट विचारले तर बोलतातही. मात्र ‘संप योग्य होता का’ हा प्रश्न कधी विचारू नये. त्याचे उत्तर आयुष्यभराच्या शिस्तीने आधीच तयार असते. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांना मी तोच प्रश्न विचारला, तेव्हा ते ‘आमचं काय, हुकूम तो हुकूम’ म्हणून गप्प झाले. पुढच्या भेटीत मी त्यांना विचारले, की तुमची नोकरी लागली तेव्हा लाईनीतल्या खोलीत किती माणसे राहत होती आणि साप्ताहिक सुटी महिन्यातून किती वेळा खरोखर मिळे. मग ते दीड तास बोलले, आणि बोलता बोलता काळ्या फितींपर्यंत स्वतःच आले. तेव्हा प्रश्न मोजता येतील असे ठेवावेत : पहिला पगार किती, त्या वेळी धान्याचा भाव किती, बूट कोणाच्या पैशाने, सलग किती तास. उत्तर आठवणीतले आहे हे मजकुरात स्पष्ट लिहावे आणि जमेल तेथे छापील नोंदीशी ताडून पाहावे. सांगणाऱ्याचे नाव, बक्कल नंबर आणि ठाण्याचे नाव लिहू नये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला आपले शब्द छापलेले पाहून धास्ती वाटू शकते. लिहून झालेला भाग त्यांना नेऊन वाचून दाखवावा, आणि जे वाक्य काढा म्हणतील ते का, कसे न विचारता काढून टाकावे.